हिची अंगठी

हिरा बघायला एकटी बाई आली की दुकानदार आधी तिच्या मागे बघतो. कुणीतरी गाडी लावून येत असेल, असं त्याला वाटतं. मी पहिल्यांदा सराफ बाजारात गेले त्या शनिवारी म्हाताऱ्या सराफकाकांनी दोनदा माझ्या मागे बघितलं आणि मग विचारलं, "ताई, बाकीचे येतायत ना? तोवर चहा सांगतो."

"बाकीचं कुणी नाही," मी म्हटलं. "चहा एकच सांगा."

तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि माझा साखरपुडा ठरला होता. या दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या की ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. अंबडच्या एका कंपनीत मी तपासणी विभागात आहे. यंत्रांचे लहान लहान भाग मोजायचे, केसाच्या जाडीहून कमी फरक असला तरी पकडायचा आणि भाग नापास करायचा, हे माझं काम. माणसंही मी तशीच मोजते असं माझी वहिनी म्हणते. आलेली स्थळं हिने नापास केली म्हणून ही राहिली, असा आमच्या घरात समज आहे. खरं तर निम्म्या स्थळांनीच मला नापास केलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही.

हे स्थळ ओझरचं होतं. तिथल्या विमानांच्या कारखान्यात नोकरी, वय एकोणपन्नास, बायको पाच वर्षांपूर्वी आजारपणात गेलेली, कॉलेजात शिकणारी एक मुलगी. "बिजवर आहे म्हणून नाक मुरडू नकोस," वहिनी पुण्याहून फोनवर म्हणाली. "तूही काही वीस वर्षांची राहिलेली नाहीस." नाक मुरडायचं कारणच नव्हतं. गृहस्थ शांत होते, नीटनेटके होते आणि बोलण्यापेक्षा ऐकणं पसंत करणारे होते. आम्ही पहिल्यांदा भेटलो ते गंगापूर रोडच्या एका मिसळीच्या ठिकाणी. रस्सा आला तेव्हा त्यांनी आधी स्वतः चमचाभर चाखून बघितला आणि मला म्हणाले, "थोडा तिखट आहे, तुम्ही जपून घ्या." एवढ्यावर मी होकार दिला हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्याआधी माझा रस्सा कुणी चाखला नव्हता.

ते माझ्याशी फार शुद्ध बोलायचे. 'आपण कशा आहात', 'मला असं वाटतं की', सगळं कसं बातम्या वाचल्यासारखं. मी फोनमध्ये त्यांचा नंबर 'ओझर' म्हणून साठवला होता, कारण नाव घालायला संकोच वाटत होता आणि दुसरं काही घालायची वेळ अजून आली नव्हती. साखरपुडा घरच्या घरी, मार्गशीर्षात करायचा ठरला. अंगठीचा विषय निघाला तेव्हा ओझर म्हणालं, "तुम्ही तुमच्या पसंतीने बघा. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही निवडाल ती मला मान्य आहे."

सुरुवातीला मी हुरळले. आपल्या पसंतीला एवढा मान! दोन दिवसांनी लक्षात आलं की हा मान असेल किंवा कामाची वाटणी असेल. स्पष्टच सांगायचं तर मला अंगठीची हौस नव्हती. यंत्रांवर काम करणाऱ्या बाईच्या बोटात अंगठी टिकतच नाही. मला हौस होती ती अंगठी बघायला बरोबर येणाऱ्या माणसाची. एकदा, फक्त एकदा, त्यांनी माझ्या शेजारी स्टुलावर बसावं, माझ्या बोटाकडे बघावं आणि "ही नको, ती बघू" असं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. आणि ते मागून मिळालं तर काय मजा, म्हणून मी मागितलं नाही.

सराफकाका माझ्या आईला ओळखत होते. त्यांनी पांढऱ्या कागदावर दोन हिरे ठेवले. दोन्ही तीस सेंटचे, म्हणजे कॅरेटच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित कमी. रंग सारखा, स्वच्छपणा सारखा. काट्यावरही सारखे. तरी डावा जागा वाटत होता आणि उजवा झोपलेला. उजवा लहानही दिसत होता.

"वजन सारखं कसं?" मी विचारलं.

"ह्याचं वजन पोटात आहे," काकांनी चिमट्याने उजवा खडा आडवा केला. "कारागिराने वजन वाचवायला खालचा भाग खोल ठेवला. आता उजेड वरून आत जातो तो खालून निघून जातो, परत येत नाही. म्हणून मध्ये काळं दिसतंय."

"आणि उथळ ठेवला असता तर?"

"तर काठाने राखाडी कडं दिसलं असतं. माशाचा डोळा असतो ना, तसं. पैलू पाडायचे म्हणजे काय, ताई, तर आत गेलेला उजेड बघणाऱ्याच्या डोळ्यात परत आणून सोडायचा. रंग, डाग हे सगळं जमिनीने दिलेलं असतं. एवढं एकच माणसाच्या हातात असतं."

हे मला ताबडतोब पटलं. कोन चुकला की माल वाया, हे मी रोज बघते. मी त्यांना कोनांबद्दल इतके प्रश्न विचारले की काका म्हणाले, "गिऱ्हाईक सहसा किंमत विचारतं." मग त्यांनी खालच्या भागाचा कोन साधारण एक्केचाळीस अंश असतो हे सांगितलं आणि मी ते पावतीच्या मागे लिहून घेतलं. बाहेर पडताना फार उत्साह आला होता. तो कुणाला सांगावा म्हणून फोन काढला. वहिनीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "बरं, पण घेतलीस का?" ओझरला सांगितलं असतं तर, "छान." मी फोन पर्समध्ये ठेवला आणि भाजी घेऊन घरी आले.

पुढच्या शनिवारी कॉलेज रोडवरच्या मोठ्या दुकानात गेले. तिथे छताला इतके दिवे होते की माझ्या पर्सची चेनसुद्धा हिऱ्याची वाटायला लागली. काउंटरवरची मुलगी चुणचुणीत होती. "मॅम, सर कधी येतील?" हा तिचा पहिला प्रश्न. सर ओझरला आहेत, असं मी सांगितलं. तिने गोल, चौकोनी, लांबट, सगळे आकार माझ्यासमोर मांडले. लांबट खडे बोटावर मोठे दिसतात, पण त्यातल्या काहींच्या मधोमध एक काळी सावली आडवी पडते, दोन त्रिकोण टोकांना जोडल्यासारखी. तीही कोनांचीच चूक. चौकोनी खड्याचे कोपरे मला आवडले, पण ते टवके उडण्याच्या भीतीने झाकलेले होते. मग तिने एका नळीतून गोल खडा दाखवला. आत आठ बाण अगदी मोजून मारल्यासारखे दिसत होते. एवढी सफाई मी माझ्या कंपनीत वर्षातून एकदा बघते.

"मॅम, लॅबमध्ये तयार केलेला घ्या ना, एवढ्या किमतीतच मोठा येईल."

"मोठा नको, नीट हवा. आणि हे दिवे जरा बंद करता येतील का?"

दिवे बंद होणार नव्हते. म्हणून मी खडा दाराजवळ सावलीत नेऊन बघते म्हटलं, तर सुरक्षारक्षक माझ्या मागोमाग आला. मी आणि तो, दोघंही त्या खड्यावर वाकून उभे राहिलो. दिव्यांखाली सगळेच खडे नाचतात, काचेचासुद्धा नाचेल. सावलीत जो थोडाफार उजेड असतो तो गोळा करून परत देतो, तो चांगल्या पैलूंचा. रक्षक म्हणाला, "हा मस्त आहे, मॅडम." त्या सबंध खरेदीत माझ्यासोबत वाकून हिरा बघणारा तो पहिला माणूस.

शेजारच्या काउंटरवर एक जोडपं होतं. तिने हात पुढे धरला होता आणि त्याने तिचं बोट चिमटीत पकडून दिव्याकडे वळवलं होतं. तो अगदीच अडाण्यासारखं बोलत होता. "हा जास्त चमचम करतोय बघ," म्हणाला, आणि तो खडा उथळ होता, मला लांबूनसुद्धा कळत होतं. सांगावंसं वाटलं. पण ती मुलगी खड्याकडे बघतच नव्हती, त्याच्याकडे बघत होती. मला तिचा राग आला. मग स्वतःचा आला. घरी येऊन मी आदल्या दिवशीची खिचडी गरम केली आणि उभ्यानेच खाल्ली.

त्या आठवड्यात मी ओझरला फोटो पाठवायला सुरुवात केली. मी म्हटलं, माणूस लाजाळू असेल, आपण सुरुवात करू. पहिला फोटो गोल खड्याचा. उत्तर आलं, "छान आहे," आणि अंगठा. दुसऱ्या दिवशी लांबट, मधोमध सावली पडलेला, मुद्दाम. "हाही छान आहे." आणि अंगठा. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी कंपनीतल्या टेबलावरच्या एका नटचा फोटो पाठवला. साधा लोखंडी सहा कोनांचा नट. तासाभराने उत्तर आलं, "सुंदर. तुमची पसंती चांगली आहे."

मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरून पाणी आलं. पंचवीस वर्षं विमानाच्या कारखान्यात काढलेला माणूस नट ओळखणार नाही असं होऊच शकत नाही. म्हणजे त्यांनी फोटो उघडलाच नव्हता. हसून झाल्यावर बराच वेळ मला कामात लक्ष घालता आलं नाही. त्या दिवशी दोन चांगले भाग मी नापास केले आणि नंतर परत बोलावून घेतले.

शेवटी मी सराफकाकांचाच तो डावा, जागा वाटलेला गोल खडा धरून बसले. काका म्हणाले, "आज लगेच घेऊ नका. हिरा सगळ्यांना लाभत नाही. तीन दिवस घरी ठेवा, उशाशी ठेवा, काही वावगं वाटलं तर परत आणून द्या." असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खडा कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात ठेवला. तुमची आई पण असंच म्हणायची, म्हणाले, आणि मग घेऊन जायची.

ते तीन दिवस मी फार सुखात होते, हे कबूल करते. सकाळी चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याला बघायचे. ट्यूबलाइटखाली तो निळसर थंड दिसायचा, खिडकीत त्याच्यात लाल-हिरवे कण उठायचे, आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी, जेव्हा घरातल्या सगळ्या वस्तू मातकट होतात, तेव्हा तो एकटा जागा असायचा. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्याला कंपनीतल्या मोजणीच्या खोलीत नेलं, हे नियमात बसत नाही. तिथल्या यंत्रात वस्तूची सावली पडद्यावर कित्येक पट मोठी दिसते. मी खडा मेणाच्या गोळीत रोवला आणि यंत्र सुरू केलं. पडद्यावर हातभर रुंद काळा हिरा उभा राहिला. मी कोन मोजला. एक्केचाळीसला किंचित कमी. दुसऱ्या बाजूने मोजला, तेवढाच. कुठल्या तरी कारागिराने एवढ्याशा खड्यावर, कुणी मोजणार नाही हे माहीत असताना, कोन चुकू दिला नव्हता. माझे डोळे भरून आले. खोलीत कुणी नव्हतं, म्हणून मी ते भरू दिले.

त्याच संध्याकाळी मी ओझरला फोन केला आणि सरळ म्हटलं, "शनिवारी तुम्ही बरोबर यायला हवंय. मला एकटीने ठरवायचं नाही." मागून मिळालं तरी चालेल, इथवर माझी मजल आली होती.  मग ते म्हणाले, "येतो. मलाही त्याबद्दल बोलायचंच होतं."

शनिवारी त्यांनी रविवार कारंज्याजवळ गाडी लावली आणि आम्ही गल्लीतून चालत गेलो. मी जांभळी साडी नेसले होते. एका ठिकाणी फरशी उखडली होती तिथे त्यांनी "जपून" म्हणून हात पुढे केला, धरला नाही, पण पुढे केला. थंडीचे दिवस होते, ऊन छान पडलं होतं. मी दुकानाची पायरी चढले तेव्हा सराफकाकांनी सवयीने माझ्या मागे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "आज दोन चहा!" ते आत ओरडले. इतका आनंद मला झाला होता की मी उगीचच दोन वेळा पदर सारखा केला.

मी दिलेली पुडी सोडून काकांनी माझा खडा कागदावर ठेवला. मी शेजारी वळून म्हटलं, "हा बघा." त्यांनी मान हलवली. मग शर्टाच्या खिशातून एक लहानशी मखमली डबी काढली आणि उघडून काकांसमोर धरली.

"ही हिची अंगठी," ते म्हणाले.

आपल्याकडे नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही, 'ही' म्हणतो. आमची ही, हिचं ऐकून घ्या, हिची तब्येत बरी नाही. पहिल्यांदाच त्यांनी मला 'ही' म्हटलं, असं मला वाटलं. मला काही न सांगता त्यांनी स्वतः जाऊन अंगठी आणली होती, म्हणून ते फोटो उघडत नव्हते, सगळ्याचा अर्थ एका क्षणात लागला. काकांनाही तसंच वाटलं. "वा! द्या, ताई, हात द्या," म्हणून त्यांनी अंगठी डबीतून उचलली आणि मी हात पुढे केला. अंगठी बोटाच्या दुसऱ्या पेरावर अडकली.

"नाही, नाही," ते घाईघाईने म्हणाले. "हिची म्हणजे... माझ्या मिसेसची. ह्यातला खडा काढून यांच्या अंगठीत बसवायचाय."

काकांनी माझ्या बोटातून अंगठी हलकेच काढली. अडकली होती, म्हणून जरा फिरवावी लागली. तेवढा वेळ मी हात तसाच पुढे धरून होते. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, शांतपणे, शुद्ध भाषेत. मुलीची इच्छा आहे. आईचा हिरा घरात कपाटात राहण्यापेक्षा नव्या आईच्या हातात दिसावा. खडा चांगला आहे. मग दुसरा कशाला? तुम्हाला वाईट वाटणार नाही अशी आशा आहे.

काका जुन्या वळणाचे. त्यांनी अवघडलेपण सावरायला सुचवलं, "पहिलीच्या नावाने सोन्याचा टाक करतात, साहेब. दुसरी तो गळ्यात घालते. तसं करू का? नखाएवढा असतो." मी लगेच म्हटलं, "करा. मी घालीन." आणि खरंच घातला असता. टाक घातला की गेलेल्या बाईला तिची जागा मिळते आणि उरलेलं घर आपल्याला मिळतं. ते मात्र म्हणाले, "नको, नको. अंगठीतच बसवा."

काकांनी अंगठी माझ्या खड्याच्या शेजारी ठेवली. दोन्ही खडे जवळजवळ सारख्याच वजनाचे असावेत. माझी नजर सवयीने कामाला लागली. तिचा खोल होता. पोटात वजन. मधोमध काळोख आणि काठाने जाडसर, मंद उजेड. मोजमापाने नापास. हे माझ्या तोंडून निघण्याच्या बेतात होतं, पण मी विचारलं, "तुम्हाला या दोघांत काय फरक दिसतो?"

त्यांनी माझ्या खड्याकडे बघितलं. "छान आहे," म्हणाले.

"आणि हा?"

त्यांनी अंगठी उचलली. ती उन्हाच्या पट्ट्यातून बाजूला घेतली, स्वतःच्या तळहाताच्या आडोशाला धरली आणि त्यांचा चेहरा बदलला. "हा असा बघावा लागतो," ते म्हणाले. "उन्हात काय, उन्हात सगळेच चमकतात, असं ती म्हणायची. आम्ही स्कूटरवर आलो होतो, ओझरहून. सकाळी निघालो ते संध्याकाळपर्यंत हिंडत होतो. लय दुकानं पालथी घातली. ती काय ऐकायलाच तयार नाय. प्रत्येक दुकानातून खडा घेऊन दाराशी जायची, पदराची सावली करायची आन् मला म्हणायची, वाका, वाका, नीट बघा. मी म्हणलं, अगं मला यातलं काय कळतंय? तर म्हणती, कळत नाय म्हणूनच बघा, कळणाऱ्याला सगळंच वाईट दिसतं. लय हसलो आम्ही. ह्यो बघितला आन् मीच म्हणलो, हाच घ्यायचा. तिला दुसरा आवडला व्हता. तरी तिनं ह्योच घेतला."

ते बोलत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. आमची ओळख झाल्यापासून ते एकदाही 'लय' म्हणाले नव्हते. मला वाटलं होतं, हा माणूस असाच बोलतो, मोजून, जपून. तो असा बोलत नव्हता. तो माझ्याशी असा बोलत होता. त्यांना बघता येत होतं, वाकता येत होतं, निवडता येत होतं, हट्टसुद्धा धरता येत होता. ते सगळं त्यांनी एकदा केलं होतं आणि ते संपलं होतं. मला मिळाला होता तो चांगल्या वागणुकीचा भाग.

आणि ती बाई! सावलीत बघायचं असतं हे मला इतक्या शनिवारांनी आणि एका यंत्राने शिकवलं, ते तिला पदर धरून कळलं होतं. ती मला फार आवडली असती.

चहा आला. आम्ही तिघांनी तो प्यायला, कारण आलेला चहा टाकून उठता येत नाही. मी माझा खडा पुडीत गुंडाळून काकांकडे सरकवला आणि म्हटलं, "ही अंगठी आहे तशीच राहू द्या, खडा काढू नका. यांच्या मुलीच्या बोटाला होईल एवढी मोठी-लहान करून द्या, माप हे नंतर पाठवतील." त्यांनी माझ्याकडे बघितलं. काकांनी बघायचं टाळलं.

बाहेर गल्लीत ते म्हणाले, "माझं काही चुकलं का?"

"नाही."

"तुम्हाला नवीनच हवा असेल तर आपण तो घेऊ. मी फक्त मुलीच्या..."

"खड्याचं नाही हो," मी म्हटलं. "आज तुम्ही पहिल्यांदा बोललात. मला ऐकायला बरं वाटलं. पण ते माझ्याशी नव्हतं."

 समजूतदार माणूस, त्यांना कळलं, आणि कळलं म्हणून त्यांनी वाद घातला नाही. वाद घातला असता तर कदाचित मी विरघळले असते. दुकानात बसल्यापासून मी त्याचीच वाट बघत होते, हेही सांगून टाकते. "येतो मग," ते म्हणाले. गाडीपाशी जाऊन त्यांनी वळून बघितलं, हात वर केला आणि गेले. मी उलट दिशेने चालायला लागले, घर त्या दिशेला नव्हतं तरी.

घरी आल्यावर वहिनीला फोन केला. "जमलं नाही," म्हटलं.

"म्हणजे? काय झालं?"

"अंगठीवरून."

"अंगठीवरून म्हणजे?"

"त्यांना पहिल्या बायकोचाच हिरा बसवायचा होता."

वहिनीचा आवाज चढला. "अगं, एवढ्याशा खड्यावरून तू..." पुढचं मी फोन कानापासून लांब धरून ऐकलं. त्या दिवसापासून ही गोष्ट आमच्या नात्यात अशीच सांगितली जाते. लग्नकार्यात कुणीतरी मुलीला म्हणतं, फार चोखंदळपणा बरा नाही, ते बघा, हातचा चांगला नवरा एका हिऱ्यापायी घालवला. मी तिथे पंगतीत बसलेली असते. मला बघून बोलणारी ओशाळते आणि मी तिला वाढायला आणखी जिलेबी सांगते.

मी एकदाही त्यांचं बोलणं दुरुस्त केलेलं नाही. दुरुस्त करायचं तर खरं सांगावं लागेल, की त्या दुकानात बसून मला एका मेलेल्या बाईचा हेवा वाटला, तिच्या खड्याचा नाही, तिला 'वाका, नीट बघा' म्हणता आलं याचा. त्यापेक्षा लोभी म्हणवून घेणं मला सोपं जातं.